इंटरनेटची पंगत वाढणाऱ्या आक्का

आक्का ‘जेवलास का’ असं विचारायच्या ते उत्तर ऐकायला नव्हे. प्रश्न संपेपर्यंत ताट समोर आलेलं असायचं आणि ‘हो, आत्ताच’ म्हणायला उघडलेल्या तोंडात भाकरीचा पहिला घास गेलेला असायचा. मूळच्या अक्कलकोटकडच्या, त्यामुळे निम्मी विचारपूस कानडीत. ‘ऊटा आतेन रे’ एवढं कानावर पडलं की माणसानं मुकाट्यानं मांडी घालायची. एकदा एक विमा एजंट त्यांना पॉलिसी विकायला आला. भाकरी, शेंगाची चटणी आणि वर गव्हाची गोड हुग्गी एवढं खाऊन तो उठला तेव्हा पॉलिसी, बॅग आणि आपण कुठल्या कंपनीचे या तिन्ही गोष्टी विसरला होता. पुढं वर्षभर तो दर गुरुवारी जेवायच्या वेळेला येत राहिला. कशाला येतो हे त्याला शेवटपर्यंत आठवलं नाही आणि आक्कांनी विचारलं नाही.

अशा बाईच्या घरात इंटरनेट आणून ठेवलं, ही मूळ चूक त्यांच्या मुलाची.

पण आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढच्या मजकुराचा भाव लावायला सोपं जाईल. सोलापूरच्या नवी पेठेतून आत शिरणाऱ्या आमच्या बोळाच्या तोंडाशी माझं मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज, सिमकार्ड, कव्हर, फुटलेली काच बदलून मिळेल. बोळात जेवढं इंटरनेट लागायचं तेवढं मी विकायचो, आणि तेच इंटरनेट माझ्यापासून चार घरं आत आक्का फुकट वाढायच्या. आक्का मला नावानं हाक मारत नसत, ‘ए रिचार्ज’ म्हणत. तेव्हा या बाईबद्दल मी जे काही चांगलं लिहीन ते व्यापाऱ्याच्या तोंडून निघालेलं आहे, म्हणजे पुरती घासाघीस होऊन उरलेला शेवटचा भाव समजा.

त्यांचा मुलगा बसवराज पुण्यात नोकरीला. वडील गेल्यावर आईचं तोंड रोज दिसावं म्हणून त्यानं स्वतःच्या नावावर लाइन घेतली, बिल स्वतः भरायला लागला आणि आक्कांच्या हातात एक मोठा मोबाइल दिला. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं झालं. पण वायफायचा डबा बसवायला आलेला माणूस जाता जाता म्हणाला, ‘आजी, अनलिमिटेड आहे. कितीही वापरा, संपणार नाही.’ हे वाक्य जगात कुणालाही सांगावं, आक्कांना सांगू नये. त्या दिवसभर त्या डब्याकडं बघत बसल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, ‘कितीबी वाडलं तरी संपत न्हाय म्हणतोय तो. मग मी एकटीच कशी जेवू?’

आक्कांच्या माहेरी मठात दासोह चालायचा. दासोह म्हणजे येईल त्याला पंगतीत बसवून जेवू घालायचं आणि तू कोण, कुठला, कशाला आलास हे विचारायचं नाही. लहानपणापासून त्यांनी तिथं वाढण्याचं काम केलेलं. मिळालेली गोष्ट लोकांपर्यंत पोचवायची एकच रीत त्यांना ठाऊक होती. दुसऱ्याच दिवशी दारापुढच्या अंगणात सोलापुरी चादरी दोन ओळींत अंथरल्या गेल्या आणि आक्कांनी बोळात हाळी दिली, ‘चला रे, इंटरनेटला बसा.’

पंगत ऊन उतरल्यावर बसायची. सोलापूरचं ऊन उतरतं म्हणजे भिंतीवरून जमिनीवर येतं, जात कुठं नाही. चपला बाहेर. मांडी घालून बसायचं. मोबाइल समोर ठेवायचा, पण सगळे बसल्याशिवाय हात लावायचा नाही. मग आक्का मोठ्यानं ‘शरणु शरणार्थी’ म्हणायच्या, शिंपीकाम करणारे दस्तगीरचाचा पुटपुटत बिस्मिल्ला म्हणायचे आणि सगळे एकदम स्क्रीनला बोट लावायचे. इंटरनेटच्या इतिहासात कुणी त्याचा एवढा मान ठेवला असेल असं मला वाटत नाही.

आता डब्याचं सांगतो. तो भिंतीला ठोकून बसतो आणि आपोआप सगळीकडं रेंज देतो हे मी आक्कांना किती वेळा सांगितलं असेल. त्यांचं म्हणणं, ‘चुलीजवळ ठेवलेलं कालवण पंगतीच्या टोकाला आपोआप जातंय का? वाडपी लागतोय.’ त्यांनी डबा भिंतीवरून काढला, त्याला इतकी लांब वायर जोडून घेतली की मधल्या वेळात तिच्यावर दोन घरांची धुणी वाळत, आणि आमटीची बादली धरावी तसा तो डाव्या हातात धरून त्या ओळीतून फिरायला लागल्या. प्रत्येकासमोर थांबायच्या, डबा थोडा वाकवायच्या, ‘आलं का?’ विचारायच्या आणि पुढं सरकायच्या. मी बारावी सायन्स झालेला माणूस आहे. डबा वाकवल्यानं काही सांडत नाही हे मला माहीत आहे. पण आक्कांनी डबा वाकवला की रेंजच्या काड्या वाढायच्या हे मी या डोळ्यांनी बघितलंय, आणि एकदा तर माझ्या बंद पडलेल्या मोबाइलला दोन काड्या आल्या होत्या.

दस्तगीरचाचांची मुलगी लग्न होऊन परदेशी गेलेली. चाचा नेमके ओळीच्या टोकाला बसत.

‘आक्का, मेरे तरफ नहीं आरा. बेटी का मुँह आधाच दिखरा.’

‘आले आले. वरचं अर्ध का खालचं?’

‘खालचं नहीं है. बोलरी, पर होंटाँ नहीं है.’

आक्का वायर सोडवत टोकापर्यंत जायच्या, डबा चाचांच्या मोबाइलवर चांगला ओतायच्या आणि म्हणायच्या, ‘टोकाला पोचलं न्हाय तर पाप वाडप्याला लागतंय, यप्पा.’ तिकडं परदेशात मुलीचे ओठ यायचे आणि पहिल्यांदा त्या ओठांतून निघायचं, ‘अब्बा, पीछे आक्का डब्बा लेके कायकू खडे?’

पंगतीचा सगळ्यात कडक नियम पानात टाकायचं नाही हा. जे उघडलं ते संपवायचं. दोन मिनिटं बघून दुसरं लावलं की आक्का डोक्याशी येऊन उभ्या. ‘मागितलंस ना? मग टाकतोस कशाला? कुणीतरी राबून केलं असंल की ते.’ जेऊरहून आमच्याकडं आलेल्या एका पाहुण्यानं चुकून म्हशींच्या गोठ्यावरचा लांबलचक व्हिडिओ उघडला. उठायला बघत होता, पण आक्कांनी उठू दिलं नाही. अंधार पडेपर्यंत तो वैरण, गोचीड आणि कडबाकुट्टी बघत बसला. आज जेऊरला त्याचा स्वतःचा गोठा आहे आणि माणूस स्टेशनाबाहेर रसवंती काढणार होता. या नियमामुळं एक झालं, रिल बघणारे कमी झाले. रिल टाकून देण्यात जी मजा आहे ती ती पूर्ण बघण्यात नाही.

शेवटपर्यंत न उठणारी एकच, पद्मा. विणकरांच्या तेलुगू घरातली सून, दिवसभर विड्या वळायची. मांडीवर सुपात तेंदूची पानं, समोर विटेला टेकवलेला मोबाइल आणि मोबाइलमध्ये नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचा तास. हात विड्या वळायचे, डोळे शरीरातली हाडं बघायचे. घरात एकच मोबाइल, तो दिवसभर नवऱ्याकडं, आणि रोजचा डेटा तो घरी येईस्तोवर त्यानं संपवलेला. पद्माचा सगळा अभ्यास आक्कांच्या अंगणात व्हायचा. ती उठेपर्यंत आक्का डबा घेऊन उभ्या राहत.

माझं आणि आक्कांचं भांडण उघड होतं आणि रोजचं होतं. मी म्हणायचो, ‘आक्का, लाइट फुकट आहे का? एसटी फुकट आहे का? मग हेच फुकट का? फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही.’

‘हात धुतलास माज्या रांजणात. किती किंमत दिलीस?’

‘पाण्याची गोष्ट वेगळी.’

‘कशी वेगळी? रेशनचा अंगठा त्यात. पेन्शनीचं त्यात. गॅसचा नंबर त्यात. पोरींच्या परीक्षेचा फारम त्यात. समदा गाव उचलून तुमी त्या डब्यात नेऊन ठेवला, आणि आता वेशीवर बसून नाका वसूल करायलाय होय?’

‘तुमच्या अंगणात फॉर्म भरणारे किती आणि गाणी ऐकणारे किती, ते बघा.’

‘वाडप्यानं ताटात वाडायचं. जेवून तो शेताला जातो का जुगाराला जातो हे बघत बसला तर आमटी थंड होती.’

यावर माझ्याकडं उत्तर होतं, पण तोंडात भाकरी होती.

उत्तर एका दुपारी, पंगतीच्या तयारीच्या वेळी, पोलिसाच्या रूपानं आलं. कुणीतरी आक्कांच्या लाइनवरून बार्शीकडच्या एका माणसाला ट्रॅक्टर विकला होता. ट्रॅक्टर उत्तम होता, फक्त नव्हता. तपास करत एक हवालदार बोळात आला. मी दुकान टाकून मागोमाग गेलो. शेजारधर्म म्हणून नव्हे, बघायला.

‘आजी, तुमच्या वायफायला कोण कोण बसतं?’

‘भुकेलं असंल ते बसतं.’

‘नावं सांगा.’

‘पंगतीत नाव विचारत न्हाईत, बाबा. नाव विचारलं की आडनाव कळतंय आणि आडनाव कळलं की वाडणाऱ्याचा हात आकडतोय. म्हणून विचारायचंच न्हाय.’

हवालदार समजावण्याच्या सुरात म्हणाला, ‘आजी, चोर बसला होता तुमच्या पंगतीत.’

‘बसला असंल की. उपाशी ठेवल्यावर चोऱ्या कमी करतोय का तो?’

‘तसं नाही. बार्शीवाल्याचे पैसे गेले. त्यानं काय करायचं?’

आक्कांनी हातातला डबा खाली ठेवला. बार्शीच्या त्या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण तो त्यांच्या दारातून उपाशी गेला होता, एवढं त्यांना कळलं.

हवालदाराला अंगणाचा फोटो चौकीत पाठवायचा होता आणि त्याचा डेटा संपलेला होता. आक्का म्हणाल्या, ‘बूट काढ आणि बस.’ तो बसला. मांडीवर टोपी, बाजूला काठी. फोटो गेला. मग सवयीनं त्याच्या बोटानं मुलीच्या शाळेतल्या गॅदरिंगचा व्हिडिओ उघडला. तो तासभराचा होता आणि त्याची मुलगी शेवटून दुसऱ्या नाचात होती. आक्कांनी उठू दिलं नाही. जाताना तो डोळे पुसत म्हणाला की नियम म्हणजे नियम, पासवर्ड टाकावाच लागेल, नाहीतर लाइन ज्याच्या नावावर आहे त्याला तो बोलावणार.

लाइन बसवराजच्या नावावर. तो पुण्याहून दुसऱ्याच दिवशी हजर. अख्खा बोळ त्या दिवशी आपापल्या दारात काही ना काही निवडत बसला होता.

‘आई, उद्या तुला कोर्टात उभं करतील.’

‘उभी राहीन की. वाडायला जन्मभर उभीच हाय.’

‘हा हट्ट सोड. साधा पासवर्ड आहे. तुझ्या माणसांना सांग, बाकीच्यांना नको.’

‘माजी माणसं कुठली आणि बाकीची कुठली, ते तूच लिवून दे मला.’

‘हे बघ, नोकरी माझी जाईल. दोनच रस्ते आहेत. एकतर कुलूप लाव, नाहीतर माझ्याबरोबर पुण्याला चल आणि ही लाइन मी बंद करतो.’

बसवराज वाईट मुलगा नाही. त्याला वाटलं, आईपुढं पुणं ठेवलं की ती घाबरून कुलूप लावेल. आक्का कधी अक्कलकोट आणि सोलापूर सोडून कुठं राहिल्या नव्हत्या. त्यांनी तांब्याभर पाणी प्यायलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, ‘कापडं भर माजी. कुलूप लावून हितं बसन्यापरीस हितं नसलेलं बरं.’

खरं तर मला त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता. मी प्रयत्नही केला. दुकानात येऊन रिचार्जचे नवे दर दर्शनी भागात लावले, पंखा पाचवर केला आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसलो. पद्मा समोरून गेली. तिनं दर वाचले आणि पुढं गेली.

जायच्या आदल्या दिवशी शेवटची पंगत बसली. लाइन सकाळीच बंद झालेली, त्यामुळं अंगणात इंटरनेट नव्हतं. तरी सगळे आले, चपला काढून बसले आणि समोर रिकामे मोबाइल ठेवले. आक्का पहिल्यांदाच पंगतीत खाली बसल्या. त्यांच्या वडिलांची गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली. वडील लहानपणी शिकायला परगावी होते, घरून काही यायचं नाही. ते वार लावून जेवायचे. म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असं सात घरांनी मिळून एक पोरगं शिकवायचं. कुठल्याच घराला जड नाही आणि पोरगं उपाशी नाही.

‘एका घरानं रोज वाडलं की त्या घराला माज येतोय,’ त्या म्हणाल्या. ‘मला बी आला हुता. आणि दारात कोण येऊन गेलं ते एकटीला दिसत न्हाय. बार्शीच्या मानसाचं माज्या जिवाला लागलंय. आता तुमी वार लावा. ज्याचा वार, त्यानं आपल्या मोबाइलचं नेट समद्यांना उगडं ठेवायचं आणि सोता समोर बसायचं. नाव विचारू नका, पण तोंड बघून वाडा. असं समोरासमोर बसून कोण ट्रॅक्टर विकंल ते बघू.’

बोळात एवढी शांतता पसरली की नवी पेठेतल्या एका दुकानात कापड फाडल्याचा आवाज आला.

‘सोमवार मी,’ पद्मा म्हणाली.

मी म्हणालो, ‘अगं, तुझ्याकडं डेटा कुठाय?’

‘सोमवारी विड्यांची सुट्टी असते. फोन ठेवून घेते नवऱ्याकडनं. तो ओरडेल, ओरडू दे. रोज खाल्लंय, एक दिवस वाढीन की.’

मग चाचांनी शुक्रवार घेतला. ‘नमाज के बाद. पहले नक्को.’ मग बाकीचे वार असे गेले की जणू लिलाव चालला होता. बुधवारावरून दोन घरांत जुनं भांडण निघालं आणि ते आजही मिटलेलं नाही. शेवटी शनिवार राहिला. कुणी माझ्याकडं बघितलं नाही. हीच तर अडचण होती. सगळा बोळ माझ्याकडं न बघता बसला होता. आक्का चादरीचा सुटलेला दोरा गुंडाळत म्हणाल्या, ‘राहू दे. एक दिवस उपास केल्यानं कोन मरत न्हाय.’

‘शनिवारी दुकानात गर्दी असते,’ मी म्हणालो.

‘व्हय की.’

‘माझ्याच दारात मी फुकट वाटलं तर मी विकायचं काय?’

‘खरंय तुजं.’

बाई वाद घालायला तयारच नव्हती. वाद घालणाऱ्या माणसाला यापरता मोठा मार नाही. मी म्हणालो, ‘दुपारी तीनच्या पुढं. आणि चपला काढायला मी सांगणार नाही.’

‘नगं सांगू. काडतील ती.’

दुसऱ्या दिवशी बसवराजच्या गाडीत बसताना त्या रडल्या नाहीत. डबा मात्र बरोबर नेला. बसवराज म्हणाला, ‘आई, तो आता काही कामाचा नाही.’ त्या म्हणाल्या, ‘भांडं हाय ते. भांडं कोन टाकतंय?’

इंटरनेट सगळ्यांना फुकट असावं का, याबद्दल माझं मत अजिबात बदललेलं नाही. आठवड्यातले सहा दिवस ते पक्कं असतं. शनिवारी तीननंतर माझ्या पायरीवर आणि शेजारच्या बंद सराफाच्या कट्ट्यावर माणसं बसतात. मी काउंटरमागून तोंडं बघतो. ट्रॅक्टर अजून कुणी विकलेला नाही. पद्माची परीक्षा झाली, पुढच्या वर्षी पुन्हा देणार आहे, कारण हाडं पाठ झाली पण पेपरात रसायनशास्त्रच जास्त आलं. रसायनशास्त्राचा तास नेमका शनिवारी असतो. तो चालू असताना मी गिऱ्हाइकाला हळू बोलायला सांगतो. यात धंद्याचं नुकसान होतं, ते मी कुणाला सांगत नाही.

परवाच्या शनिवारी आक्कांचा व्हिडिओ कॉल आला. मोबाइल नेहमीसारखा इतका जवळ धरलेला की मला फक्त कपाळावरची विभूती आणि एक भुवई दिसत होती.

‘हितं लई वाईट रीत हाय, रिचार्ज. मोबाइल उगडला की नावांची ही एवडी रांग, आणि हर एक नावापुडं कुलूप. समद्यांच्या घरी सैपाक झालाय आणि समदे दार लावून जेवायलेत. खालचा वॉचमन लेकीचं तोंड बघाया चौकातल्या च्याच्या गाड्यावर जातोय. काम करनाऱ्या बायका पायऱ्यावर बसून कुनाचं उगडं हाय का बघतेत.’

‘मग तुम्ही काय केलं?’

‘काय करनार. दारं वाजवतेय. जन्मात कधी मागितलं न्हवतं, लाज वाटली आदी. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरनं सोमवार दिला. एक आय्यर म्हनून हायत, त्यांनी गुरुवार दिला, पर अटी लई घातल्यात.’

‘आक्का, बसवराजला माहीत आहे का हे?’

‘म्हाईत न्हाय तर काय. रविवार त्याचा हाय.’

मोबाइल हलला. भुवई गेली आणि एका बंद दाराची चकचकीत कडी दिसली. मग आक्कांचा आवाज जरा खाली आला.

‘आता ह्या डाक्टरीनबाईकडं मंगळवाराचं बोलाया आलेय. दोनदा परत लावलंय मला. ठेव फोन, आतनं कडी काढायलेत.’